माहिती चोरणारा ट्रोजन: संगणकात कसा शिरतो, कुठे दडतो आणि त्याला बाहेर कसं काढायचं

गोव्यातल्या छोट्या होमस्टेत, दुकानात किंवा रेंट-अ-बाईकच्या ऑफिसात संगणक बहुधा एकच असतो. त्याच्यावर बुकिंग येतात, पाहुण्यांचे पासपोर्ट स्कॅन होतात, जीएसटी आणि विजेचं बिल भरलं जातं, आणि रात्री घरातला मुलगा त्याच्यावरच गेम खेळतो. माहिती चोरणाऱ्या ट्रोजनला याहून सोयीची जागा सापडणार नाही. एका क्लिकमध्ये त्याला घरचंही मिळतं आणि धंद्याचंही.

मी पेडणे तालुक्यातल्या काही होमस्टेंचे हिशेब आणि संगणक सांभाळते. मांद्रेला मावशीच्या होमस्टेत हा प्रकार घडला, तेव्हा निस्तरण्याचं सगळं काम माझ्याकडे आलं. त्या वेळी कोणी ओळीने सांगितलं असतं तर बरंच नुकसान टळलं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. संगणक साफ करणं हे दुसरं काम. पहिलं काम म्हणजे जे चोरीला गेलं ते निकामी करणं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. अँटीव्हायरस चालवतात, हिरवी खूण दिसते, जीव भांड्यात पडतो. चोर गेल्यावर घर झाडून पुसून काढावं आणि कुलपं मात्र तीच ठेवावीत, तसं हे होतं.

तुमच्या संगणकावर आत्ताच काही विचित्र घडलं असेल तर मधलं सोडा, थेट पायरी ४ वर जा. बाकीचं नंतर वाचा.

१. दोन जाती ओळखा

ट्रोजन म्हणजे कामाचं काहीतरी असल्याचं भासवून तुमच्याच हातून चालू होणारा प्रोग्राम. तो स्वतःहून एका संगणकातून दुसऱ्यात पसरत नाही. कोणीतरी तो उघडावा लागतो, म्हणून त्याची सगळी कारागिरी त्या एका क्लिकसाठी असते.

पहिली जात ठाण मांडून बसणाऱ्यांची. २००७ मध्ये उजेडात आलेला झ्यूस असाच होता. तुम्ही बँकेचं पान उघडेपर्यंत तो वाट पाहायचा. २०१४ पासून फिरणारा एजंट टेस्ला तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपतो, अधूनमधून स्क्रीनचे फोटो काढतो आणि ते सगळं मालकाला पाठवत राहतो. छोट्या धंद्यांना 'इनव्हॉईस' किंवा 'पर्चेस ऑर्डर' म्हणून येणाऱ्या मेलमधून तो आजही येतो.

दुसरी जात उचलून पळणाऱ्यांची. व्हिडार २०१८ मध्ये आला, रॅकून २०१९ मध्ये, रेडलाइन २०२० मध्ये आणि लुमा २०२२ मध्ये. हे भाड्याने मिळतात. लिहिणारा वेगळा, महिन्याची वर्गणी भरून वापरणारा वेगळा, आणि चोरलेला माल विकत घेणारा तिसराच. यातले बरेचसे आत शिरतात, काही क्षणांत सगळं गोळा करतात, पाठवतात आणि स्वतःला पुसून टाकतात. मागे शोधायला काही उरत नाही. म्हणून 'स्कॅनमध्ये काही सापडलं नाही' याचा अर्थ 'काही झालं नाही' असा घेऊ नका.

याचा पसारा किती, ते एका आकड्यावरून कळेल. मायक्रोसॉफ्टने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत लुमाची लागण झालेले ३,९४,००० हून जास्त विंडोज संगणक मोजले. त्याच मे महिन्यात अमेरिकी न्याय खातं आणि युरोपोल यांच्या साथीने लुमाची सुमारे २,३०० डोमेन (वेब पत्ते) बंद पाडली गेली. काही आठवड्यांतच तो परत फिरायला लागला.

२. आत येण्याच्या वाटा

पाहुण्याची मेल. गोव्यातल्यांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण हा सापळा आपल्याच धंद्यासाठी रचलेला आहे. २०२३ मध्ये सिक्युअरवर्क्स या सुरक्षा कंपनीने एका हॉटेलवरचा हल्ला तपशिलात मांडला. आधी एक साधी मेल येते: मी तुमच्याकडे राहून गेलो, माझं ओळखपत्र तिथेच राहिलं, शोधायला मदत कराल का? तिच्यात ना लिंक, ना फाईल. रिसेप्शनवरचा माणूस सौजन्याने उत्तर देतो. मग दुसरी मेल येते: पासपोर्ट हरवलाय, त्याचे फोटो या गूगल ड्राइव्हच्या लिंकवर आहेत. त्या झिप फाईलमध्ये व्हिडार होता. त्याने हॉटेलचं बुकिंग डॉट कॉमचं लॉग-इन उचललं. मग चोरांनी हॉटेलच्याच अधिकृत चॅटमधून, खऱ्या नावांनी आणि खऱ्या तारखांनी, पाहुण्यांना 'कार्ड पडताळणी'च्या लिंका पाठवल्या. पाहुण्याने संशय घ्यावा तरी कशाचा?

मावशीकडे आलेली मेल याच वळणाची होती. "अगो, बिचाऱ्याचा पासपोर्ट हरवलाय, बघ गो जरा," असं ती मला फोनवर म्हणाली, तेव्हा फाईल उघडून झालेली होती. पाहुण्याला मदत करायची तिची सवय चांगलीच आहे आणि ती तशीच राहावी. म्हणून नियम इतकाच ठेवा: हरवलेल्या वस्तूसाठी नाव, राहण्याची तारीख आणि खोली विचारा, रजिस्टरमध्ये ताडून पाहा, आणि फोटो हवाच असेल तर तो व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोच्या रूपात मागवा. पासपोर्टचा फोटो झिपमध्ये, पासवर्ड लावून कोणी पाठवत नाही. पासवर्ड यासाठी असतो की मेल सेवेच्या तपासणीला आतली फाईल दिसू नये.

'मी यंत्रमानव नाही' सिद्ध करायला लावणारं पान. याला क्लिकफिक्स म्हणतात. डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलवाल्यांना अशा मेल जात असल्याचं मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आणि त्यात दक्षिण आशियाचाही उल्लेख होता. पाहुण्याची तक्रार आली आहे किंवा खातं पडताळायचं आहे, असं सांगून लिंक दिलेली असते. पान उघडलं की सूचना येतात: विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर कॉपी केलेली असते. त्या तीन कृतींनी तुम्ही ती स्वतःच्या हाताने संगणकाला देता. ब्राउझरमध्ये फाईल डाउनलोड होताना दिसत नाही, 'ही फाईल धोक्याची असू शकते' असा इशाराही येत नाही. कोणतीही खरी वेबसाइट माणूस असल्याचा पुरावा म्हणून विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही. याला अपवाद नाही.

क्रॅक आणि चीट. फुकटचं फोटोशॉप, ऑटोकॅड, विंडोज अॅक्टिव्हेट करणारी टूल्स, गेमचे चीट. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली लिंक असते आणि सूचना असते की आधी अँटीव्हायरस बंद करा. ती सूचना दिसली की तिथेच थांबा. घरातल्या मुलांना हे रागावून नाही, नीट बसवून समजवा. चवथीच्या सुट्टीत मावसभाऊ-मामेभाऊ जमतात तेव्हा एकाच्या हौसेपायी सगळ्या घराचे पासवर्ड जातात.

खोटी जाहिरात. एनीडेस्क, व्हीएलसी अशी नावं गूगलवर शोधली की सर्वांत वर प्रायोजित निकाल येतो, आणि कधी कधी तो हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर नेतो. हवा तो प्रोग्राम त्याच्या मूळ पत्त्यावरूनच घ्या.

सोंग घेतलेली फाईल. विंडोज नेहमीच्या फाईलींचं शेपूट लपवतं. त्यामुळे 'बुकिंग डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे नाव तुम्हाला 'बुकिंग डॉट पीडीएफ' एवढंच दिसतं, वर चिन्हही पीडीएफचंच लावलेलं. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. हे आत्ता करा, मग पुढे वाचा. नावाच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस किंवा आयएसओ दिसलं तर ते पाहुण्याचं कागदपत्र नाही. फाईल शेकडो एमबीची निघाली तरी सावध व्हा. काही तपासण्या फार मोठ्या फाईली वगळतात, म्हणून ती मुद्दाम फुगवलेली असते.

फोनवर येणाऱ्या 'चलन' किंवा 'लग्नपत्रिका' नावाच्या एपीके फाईली (अँड्रॉइड अॅपच्या फाईली) हे वेगळं प्रकरण आहे, त्यात इथे शिरत नाही. फक्त व्हॉट्सअॅपवरून आलेली एपीके इन्स्टॉल करू नका.

३. पहिल्या मिनिटात काय जातं

ट्रोजन तुमच्या नावाने चालतो, म्हणून त्याला अॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. तुम्ही जे पाहू शकता ते तोही पाहू शकतो.

सर्वांत आधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. क्रोम ते कुलूपबंद ठेवतो, पण ती किल्ली तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते, आणि तुमच्या नावाने चालणारा प्रोग्राम ती मागू शकतो. जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीत गूगलने जादा संरक्षण आणलं. चोरांनी काही आठवड्यांतच त्यातून वाट काढली.

मग कुकीज, आणि खरा घात इथे होतो. तुम्ही एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन जीमेल उघडलं की गूगल ब्राउझरमध्ये एक खूण ठेवतं: या माणसाची तपासणी झालेली आहे. चोराने ती खूण आपल्या ब्राउझरमध्ये ठेवली तर त्याला पासवर्ड विचारला जात नाही, ओटीपीही नाही. 'माझ्याकडे ओटीपी लावलाय, मला काय होणार' असं म्हणणाऱ्यांची खाती अशीच जातात. बँकेची सत्रं (एकदा लॉग-इन केल्यावर खातं उघडं राहण्याचा काळ) थोड्या मिनिटांत संपतात, त्यामुळे तिथे कुकीचा उपयोग कमी. ईमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि बुकिंगची पानं मात्र अनेक दिवस उघडी राहतात. आणि ईमेल हातात आली की बाकी सगळ्यांचा 'पासवर्ड विसरलात?' त्याच्याच हातात.

याशिवाय ब्राउझरने भरून ठेवलेले पत्ते आणि कार्डचे तपशील, टेलिग्राम डेस्कटॉपचं सत्र, क्रिप्टो वॉलेट, डेस्कटॉपवरच्या वर्ड-एक्सेल फाईली. 'पासवर्ड' नावाची टेक्स्ट फाईल असेल तर ती हटकून जाते. होमस्टेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: परदेशी पाहुण्यांच्या सरकारी नोंदणीसाठी स्कॅन केलेले पासपोर्ट आणि व्हिसा. ते डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडलेले असतात. काम झालं की ते एनक्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर हलवा. तो आपला डेटा नाही, दुसऱ्याने विश्वासाने दिलेला आहे.

हे सगळं बांधून टेलिग्राम बॉटकडे किंवा चोराच्या सर्व्हरकडे पाठवलं जातं आणि पुढे बाजारात विकलं जातं. अशा बाजारांपैकी जेनेसिस मार्केट एप्रिल २०२३ मध्ये पोलिसांनी बंद पाडलं. असे इतर बाजार चालू आहेत.

४. संशय आला की पहिला तास

हाताशी काय हवं:

- दुसरं स्वच्छ उपकरण, म्हणजे तुमचा फोन किंवा शेजाऱ्याचा लॅपटॉप, शक्यतो मोबाइल डेटावर
- वही-पेन, कारण कोणतं खातं झालं आणि कोणतं राहिलं हे डोक्यात राहत नाही
- बँकेचा हेल्पलाइन क्रमांक, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घेतलेला (गूगलवर शोधून घेऊ नका)
- ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह, पायरी ६ साठी

आता क्रमाने करा.

अ. संगणकाचं इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, केबल काढा. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावलेला असेल तर तो आधी उपसून काढा. संगणक बंद करण्याची घाई नको.

आ. त्या संगणकावरून एकही पासवर्ड बदलू नका. हा सर्वांत मोठा सापळा. घाबरलेला माणूस समोरच्याच कीबोर्डवर नवा पासवर्ड लिहितो आणि ठाण मांडलेला ट्रोजन तोही टिपतो.

इ. स्वच्छ फोनवरून मुख्य ईमेल आधी घ्या. नवा पासवर्ड द्या आणि मग सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. गूगलमध्ये सिक्युरिटीखाली 'युअर डिव्हायसेस' असतं, तिथून प्रत्येक सत्र काढून टाका. पासवर्ड बदलला म्हणजे सगळीकडची सत्रं मरतातच असं प्रत्येक सेवेत होत नाही, म्हणून ही पायरी वेगळी करा.

ई. त्याच ईमेलमध्ये चार जागा पाहा: रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचाच आहे ना, फॉरवर्डिंग चालू आहे का, फिल्टर्समध्ये अनोळखी नियम आहे का, आणि खात्याला जोडलेली बाहेरची अॅप्स कोणती. चोर 'बँक' किंवा 'बुकिंग' शब्द असलेली मेल थेट कचऱ्यात जाईल असा फिल्टर लावतात, म्हणजे इशाऱ्याची मेल तुम्हाला दिसतच नाही. आमच्याकडे मावशीला बुकिंगच्या मेल येणं बंद झालं होतं आणि सगळे समजत होते की सीझन मंद आहे.

उ. मग बुकिंगची खाती, बँक, जीएसटी पोर्टल, फेसबुक-इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅपचे लिंक्ड डिव्हायसेस. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं धरूनच चाला. कार्ड साठवलं असेल तर ते ब्लॉक करून नवं मागवा.

ऊ. बुकिंगचं खातं गेलं असण्याची शंका असेल तर पुढच्या तारखांच्या पाहुण्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच. आमच्या नावाने कार्ड मागणारी लिंक आली तर उघडू नका, एवढं सांगा. हे सांगायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण पाहुण्याला तुमच्याकडून कळलं तर तो पुन्हा येतो. बँकेकडून कळलं तर येत नाही.

५. तो कुठे दडतो

ठाण मांडून बसणाऱ्या ट्रोजनला संगणक पुन्हा चालू झाल्यावर आपोआप उठायचं असतं. त्यासाठी विंडोजमध्ये ठरावीक जागा आहेत, आणि त्या तुम्हाला तपासता येतात. इंटरनेट तोडलेलंच ठेवा.

स्टार्टअपपासून सुरुवात करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप अॅप्स' पाहा. रजिस्ट्रीच्या 'रन' नोंदींमधून आणि स्टार्टअप फोल्डरमधून उठणारे प्रोग्राम इथे दिसतात. अनोळखी नावावर उजवं क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' घ्या. फाईल अॅपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटामधल्या अर्थहीन अक्षरांच्या फोल्डरमध्ये असेल तर संशय पक्का धरा. पण एक सावधगिरी: डिस्कॉर्डसारखे काही सज्जन प्रोग्रामही अॅपडेटामध्येच राहतात. तिथलं सगळं सरसकट उडवू नका.

दुसरी जागा टास्क शेड्युलर. ही टास्क मॅनेजरच्या यादीत दिसत नाही, म्हणून ट्रोजनची आवडती. शोधपट्टीत नाव लिहून उघडा, टास्क शेड्युलर लायब्ररीत जा आणि प्रत्येक कामाचे 'ट्रिगर्स' व 'अॅक्शन्स' वाचा. नाव 'अपडेट' असेल, पण अॅक्शनमध्ये पॉवरशेल (आज्ञा चालवणारं विंडोजचं साधन) आणि पुढे लांबलचक अगम्य अक्षरं असतील, किंवा दर काही मिनिटांनी एखादी व्हीबीएस फाईल चालत असेल, तर तो तोच.

तिसरी जागा डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसची, सूट यादी. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली 'एक्स्क्लूजन्स'. ट्रोजन आपला फोल्डर इथे टाकतो, म्हणजे डिफेंडर तिकडे पाहतच नाही. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ही यादी रिकामी हवी. हे तपासल्याशिवाय केलेल्या स्कॅनला अर्थ नाही.

चौथी जागा ब्राउझरचे एक्स्टेन्शन्स. कोणीही मुद्दाम न टाकलेलं प्रत्येक काढा.

याच्याही आत सर्व्हिसेस आणि डब्ल्यूएमआय नावाच्या जागा आहेत. त्या हाताने शोधत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे फुकट साधन घ्या. ते स्वच्छ संगणकावर डाउनलोड करून पेनड्राइव्हने आणा आणि काम झाल्यावर तो पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सह्यांची पडताळणी चालू करा. उरलेली यादी आटोपशीर होते.

टास्क मॅनेजरमध्ये सगळी नावं ओळखीची दिसली तरी समाधान मानू नका. काही ट्रोजन विंडोजचाच एखादा खरा प्रोग्राम चालू करतात, त्याची आतली जागा रिकामी करतात आणि तिथे स्वतः बसतात. एजंट टेस्ला हे करतो. बाहेरची पाटी खरी, आतला माणूस वेगळा.

६. साफ करा, शक्यतो मुळापासून

पैसे गेले असतील तर ही पायरी थांबवा आणि आधी ७ करा. पुसलेला संगणक पुरावा म्हणून निरुपयोगी.

वरवरची सफाई हवी असेल तर विंडोज सिक्युरिटीतलं 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. ते विंडोज उठण्याआधीच तपासतं, त्यामुळे ट्रोजनला लपायला वेळ मिळत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही फुकट साधनं मिळतात. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे.

पण ज्या संगणकावर पैशांचे व्यवहार होतात त्याचं विंडोज मी पुन्हा टाकतेच, आणि तुम्हालाही तेच सांगेन. स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून संगणक चालू करा, जुनी पार्टिशन्स काढून नव्याने विंडोज टाका. दुरुस्तीच्या दुकानात देत असाल तर आधीच विचारा की विंडोज मूळ आहे की क्रॅक. क्रॅक विंडोज टाकून घेतलं तर जिथून सुटलो तिथेच परत आलो.

बॅकअप घेताना फोटो, पीडीएफ, एक्सेल आणि टॅलीचा डेटा फोल्डर एवढंच घ्या. प्रोग्राम, झिप, सेटअप फाईली आणि ब्राउझरचं प्रोफाइल घेऊ नका. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर नको असलेलं एक्स्टेन्शन नव्या विंडोजवरही परत उतरू शकतं. म्हणून आधी दुसऱ्या संगणकावरून ते खात्यातून काढा, मग इथे साइन इन करा.

७. तक्रार

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, लगेच. पुढच्या खात्यांत पैसे गोठवता येतात, पण ते काढले जाण्याआधी. त्याबरोबरच बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवलं होतं की दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा अशा फसवणुकीची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर भार पडणार नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत दिली तर तो ठरावीक मर्यादेपर्यंतच पडेल. म्हणून 'सोमवारी बघू' म्हणू नका.

लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते. गोवा पोलिसांचं सायबर क्राइम पोलीस स्टेशन रायबंदरला आहे. जाताना हे घेऊन जा:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- बँकेचं स्टेटमेंट, त्यात गेलेले व्यवहार खूण करून, व्यवहार क्रमांक आणि वेळेसह
- १९३० किंवा पोर्टलचा पावती क्रमांक आणि बँकेचा तक्रार क्रमांक
- संशयित मेलची प्रिंट आणि मूळ मेल (जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' घेऊन ती डाउनलोड करता येते)
- पाहुण्यांना गेलेल्या खोट्या मेसेजचे स्क्रीनशॉट
- धंद्याचं नोंदणीपत्र, खातं धंद्याच्या नावावर असेल तर
- काय कधी घडलं याची तारीखवार एक पानाची टिपण

ती टिपण आधी लिहून नेलीत तर सगळं सोपं जातं. समोर बसून आठवायला लागलं की तारखा मागेपुढे होतात.

८. पुन्हा मांडताना

विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. संगणकाला झेपत असेल तर ११ टाका.

प्रत्येकासाठी वेगळं विंडोज खातं करा: रिसेप्शनला एक, मुलाला एक, दोन्ही 'स्टँडर्ड', आणि अॅडमिनचं तिसरं, पासवर्ड लावलेलं. ब्राउझरची किल्ली विंडोज खात्याशी बांधलेली असते हे वर सांगितलं. म्हणून मुलाच्या स्टँडर्ड खात्यात चुकून काही शिरलं तरी रिसेप्शनच्या खात्यातले पासवर्ड त्याला सहजी उघडता येत नाहीत, आणि डिफेंडरची सूट यादीही बदलता येत नाही. रिसेप्शनच्याच खात्यात काही उघडलं तर मात्र तिथलं जाणारच, एवढं लक्षात असू द्या. पैसे न लागता मिळणारी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही.

ब्राउझरला पासवर्ड साठवू देऊ नका. बिटवॉर्डनसारखा वेगळा पासवर्ड मॅनेजर वापरा आणि काम झालं की तो लॉक होईल असं ठेवा. रात्री बुकिंगच्या आणि मेलच्या पानांवरून लॉग-आउट करा, म्हणजे ते सत्र तिथेच संपतं. डिफॉल्ट अॅप्समध्ये जेएस आणि व्हीबीएस फाईली नोटपॅडमध्ये उघडतील असं ठरवा. चुकून क्लिक झालं तरी नुसती अक्षरं दिसतील, काही चालणार नाही.

'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेत आपला ईमेल पत्ता नोंदवून ठेवा. २०२५ पासून तिथे चोरट्या ट्रोजनांनी गोळा केलेल्या याद्याही तपासता येतात.

पायरी ४ मधली ई आणि उ पंधरा दिवसांनी पुन्हा करा, महिन्याने आणखी एकदा. चोरलेला माल लगेच वापरला जातो असं नाही. तो विकला जातो आणि घेणारा आपल्या सवडीने येतो.

आणि सीझनच्या तोंडावर रिसेप्शनला नवा मुलगा किंवा मुलगी बसली की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी संगणकावर प्रत्यक्ष दाखवा: शेपूट उघडं केलेली फाईल कशी दिसते, आणि विंडोज-आर दाबल्यावर येणारी ती छोटी चौकट. वेबसाइटच्या सांगण्यावरून त्या चौकटीत काही चिकटवायचं नाही, आणि शंका आली तर रात्री अकरा वाजताही तुम्हाला फोन करायचा, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.